खोटा अंगठा, खोटा चेहरा, खोटा फोटो: मशीन लर्निंगनं ओळखायचे कसे

आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसता अंगठा लावून पैसे काढायची सोय गावोगावी पोहोचली आणि तिच्या मागोमाग सिलिकॉनचे अंगठेही आले. काही राज्यांत नोंदणी झालेल्या खरेदीखतांच्या प्रती संकेतस्थळावरून उतरवून घेता येत होत्या. त्यांवर आधार क्रमांक असायचा आणि शेजारी अंगठ्याचा ठसाही. टोळ्यांनी त्यावरूनच अंगठे बनवले आणि लोकांच्या खात्यांतले पैसे काढले. या व्यवहाराला ना ओटीपी लागतो, ना कार्ड. त्यामुळे कित्येकांना पासबुक भरून आणल्यावरच पैसे गेल्याचं कळलं.

हा धोका अभ्यासकांना आधीपासून माहीत होता. जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्येच जिलेटिनची बोटं लावून 11 प्रकारची ठसे-यंत्रं फसवून दाखवली होती. 2013 च्या सप्टेंबरमध्ये आयफोन 5एस बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबनं त्याचं ठसे-कुलूप बनावट ठशानं उघडलं. आपल्याकडे आधार प्राधिकरणानं फेब्रुवारी 2023 मध्ये मशीन लर्निंगवर आधारलेली तपासणी जाहीर केली. तिच्यात ठशातल्या रेषांचे बिंदू आणि बोटाची प्रत्यक्ष प्रतिमा अशा दोन्ही गोष्टी पाहून बोट जिवंत आहे का हे ठरवलं जातं.

हा लेख अशी तपासणी स्वतः उभी करू पाहणाऱ्यांसाठी आहे: अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पतसंस्थेचं किंवा परीक्षेचं सॉफ्टवेअर लिहिणारे, सायबर विभागात काम करणारे. पायथन आणि थोडंफार मशीन लर्निंग येतं असं गृहीत धरलं आहे. बनावट ठसा कसा तयार करतात हे इथं सांगणार नाही, पकडायला ते लागतही नाही. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. या कामात मॉडेल कोणतं निवडलं याला लोक वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात. काम जमतं किंवा फसतं ते डेटा कसा गोळा केला, कसा विभागला आणि चूक कशी मोजली यावर. म्हणून लेखातली निम्मी जागा त्याच गोष्टींना दिली आहे.

पहिली पायरी: काय रोखायचं आहे ते कागदावर लिहा

‘बनावट’ या एका शब्दात किमान चार वेगळे प्रश्न आहेत. कॅमेऱ्यासमोर धरलेला छापील फोटो किंवा मोबाइलवर चालवलेला व्हिडिओ हा पहिला. स्कॅनरवर ठेवलेलं सिलिकॉनचं, जिलेटिनचं किंवा लाकूड चिकटवायच्या गोंदाचं बोट हा दुसरा. कागदपत्रातला फोटो, नाव किंवा तारीख संपादन करून बदललेली असणं हा तिसरा. चौथा प्रश्न दोन माणसांचे चेहरे एकत्र करून केलेल्या फोटोचा. भरती परीक्षांच्या भाषेत याला ‘फोटो मिक्सिंग’ म्हणतात. अर्जावर असा फोटो गेला की खरा उमेदवार आणि डमी, दोघंही त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतात.

या चारही गोष्टी एकाच मॉडेलनं पकडायचा हट्ट धरू नका. प्रत्येकात खुणा वेगळ्या असतात. तुमच्या वापरात कोणता हल्ला सर्वांत संभवतो तो आधी निवडा. मी इथं चेहऱ्यापासून सुरुवात करतो, कारण साधा मोबाइल आणि प्रिंटर एवढ्यावर तो प्रयोग करता येतो. शिवाय रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2020 मध्ये व्हिडिओ केवायसीला (व्हिडिओ कॉलवरून ग्राहकाची ओळख पटवायला) परवानगी दिल्यापासून त्याची गरजही वाढली आहे.

दुसरी पायरी: डेटा

सरावासाठी संशोधकांनी तयार केलेले डेटासेट आहेत. बहुतेक ठिकाणी संस्थेच्या ईमेलवरून अर्ज करून करारावर सही करावी लागते. स्वित्झर्लंडच्या इडियाप संस्थेचा रिप्ले-अटॅक 2012 चा आहे. त्यात 50 माणसं आहेत आणि छापील फोटो व पडद्यावरचे व्हिडिओ असे हल्ले आहेत. त्याच वर्षीच्या कासिया-एफएएसडीमध्येही 50 माणसांचे 600 व्हिडिओ आहेत, आणि त्यातले वाकवलेले फोटो व डोळ्यांच्या जागी भोकं पाडलेले फोटो फार शिकवून जातात, कारण मागचा माणूस भोकांतून पापण्या मिटवू शकतो. औलू-एनपीयू 2017 चा. 55 माणसं, सहा वेगवेगळे फोन, 4,950 व्हिडिओ. एकच निवडायचा असेल तर हा घ्या, कारण नवा फोन आणि नवा प्रिंटर आल्यावर मॉडेल टिकतं का हे तपासण्याचे नियम त्यातच आखून दिले आहेत.

पण हे डेटासेट आपल्या लोकांचे नाहीत. कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर, जाड भिंगाचा चष्मा, उन्हात रापलेला रंग, खोलीत एकच ट्यूबलाइट, हातात स्वस्तातला अँड्रॉइड फोन हे त्यात क्वचितच दिसेल. म्हणून स्वतःचा छोटा संच गोळा कराच. माणसांची संख्या फोटोंच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाची. पाच जणांच्या हजार फोटोंपेक्षा 50 जणांचे प्रत्येकी 20 फोटो केव्हाही बरे. वयस्कर माणसं मुद्दाम घ्या.

गोळा करताना एक नियम मोडू नका: अस्सल आणि बनावट नमुने त्याच फोनवर, त्याच खोलीत, त्याच उजेडात, त्याच दिवशी घ्या. अस्सल फोटो सकाळी अंगणात आणि बनावट फोटो रात्री टेबलावर काढले, तर मॉडेल ऊन आणि ट्यूबलाइट यांतला फरक शिकेल आणि तुम्हाला वाटेल ते चेहरे ओळखतंय. बनावट नमुन्यांत चकचकीत आणि साधा असे दोन्ही कागद, किमान दोन प्रिंटर, लहान-मोठे पडदे, वाकवलेला कागद हे सगळं यायला हवं. प्रत्येक फाइलला माणूस, फोन, जागा, हल्ल्याचा प्रकार आणि साहित्य यांची नोंद जोडा. पुढची विभागणी या नोंदींवर अवलंबून आहे.

संमती लेखी घ्या, मराठीत घ्या, आणि फोटो केव्हा पुसले जातील ते तिच्यात लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 पासून आपल्याकडे आहे. आधारच्या यंत्रातून घेतलेले ठसे प्रयोगासाठी साठवण्याचा विचारही नको. आधार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे मूळ बायोमेट्रिक माहिती कुणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाही.

तिसरी पायरी: विभागणी

बहुसंख्य विद्यार्थी-प्रकल्प इथेच फसतात. व्हिडिओतून फ्रेम काढायच्या, सगळ्या एका फोल्डरमध्ये टाकायच्या आणि यादृच्छिकपणे 80-20 विभागायच्या. एकाच व्हिडिओच्या शेजारशेजारच्या दोन फ्रेम म्हणजे जवळजवळ एकच चित्र. एक प्रशिक्षणात, दुसरी परीक्षेत. निकाल 99 टक्के येतो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो.

विभागणी माणसानुसार करा. एक माणूस तीनपैकी एकाच भागात: प्रशिक्षण, पडताळणी किंवा परीक्षा. सायकिट-लर्नमध्ये गटानुसार विभागणारी साधनं तयार आहेत, गट म्हणून माणसाचा क्रमांक द्यायचा. त्यानंतर आणखी कठीण परीक्षा घ्या. एक फोन पूर्ण बाजूला ठेवा. एक प्रिंटर बाजूला ठेवा. एका पूर्ण डेटासेटवर शिकवून दुसऱ्यावर तपासा. आकडे घसरतील, बहुतेक वेळा धक्का बसेल इतके. पण तुमच्या यंत्रणेची खरी ताकद हीच असते. अहवालात हा आकडा आधी लिहा.

चौथी पायरी: चेहरा कापून घेणं

चेहरा शोधायला ओपनसीव्ही किंवा मीडियापाइप पुरेसं आहे. चौकट मात्र चेहऱ्याला घट्ट बसवू नका. तिच्या दीडपट ते अडीचपट भाग घ्या, म्हणजे कागदाची कड, धरलेली बोटं, मोबाइलची चौकट यांतलं काहीतरी आत येतं. दोन मापांचे तुकडे दोन मॉडेलांना देणं हाही चांगला मार्ग आहे: एक चेहऱ्याच्या पोतासाठी, दुसरा आजूबाजूसाठी.

प्रतिमा गुळगुळीत करणं, डाग काढणं, रंग ‘सुधारणं’ हे काही करू नका. फोनचा ब्युटी मोड बंद ठेवा. पडद्याचा फोटो काढल्यावर उमटणारे लहरींसारखे पट्टे, प्रिंटरचे ठिपके, चकचकीत कागदावरची झळाळी या बारीक खुणांवरच सगळा डोलारा आहे. प्रतिमा खूप लहान केली की त्या नाहीशा होतात.

पाचवी पायरी: आधी साधं मॉडेल

थेट डीप लर्निंगकडे धावू नका. एका संध्याकाळी होणारी पद्धत आधी लावा. चेहरा 64 बाय 64 पिक्सेलचा करा. आता तुम्ही म्हणाल, लहान करू नका असं आत्ताच सांगितलं. या पद्धतीत रंगांच्या पोतातून येणारा सुगावा इतका ठळक असतो की पहिल्या चाचणीला तो पुरतो. प्रतिमा एचएसव्ही आणि वायसीबीसीआर या दोन रंगपद्धतींत बदला, म्हणजे सहा थर मिळतील. प्रत्येक थरावर लोकल बायनरी पॅटर्न काढा: प्रत्येक पिक्सेलची आठ शेजाऱ्यांशी तुलना, शेजारी मोठा किंवा समान असेल तर 1, नाही तर 0. ज्या नमुन्यांत गोल फिरताना 0 आणि 1 फार तर दोनदा बदलतात ते (‘युनिफॉर्म’) वेगवेगळे मोजले आणि उरलेले एकत्र टाकले की प्रत्येक थराचे 59 आकडे होतात, सहा थरांचे 354. हे 354 आकडे एसव्हीएम या साध्या वर्गीकरण पद्धतीला द्या.

रंग का? छपाई आणि पडदा, दोघांचीही रंग दाखवण्याची क्षमता माणसाच्या त्वचेहून वेगळी असते. नुसत्या उजेडाच्या थरात हा फरक झाकला जातो, रंगाच्या थरांत उघडा पडतो. हे मॉडेल ग्राफिक कार्डाशिवाय चालतं. पुढचं मोठं मॉडेल यापेक्षा लक्षणीय सरस नसेल, तर त्याच्या डेटात किंवा प्रशिक्षणात गडबड आहे असं समजा.

सहावी पायरी: न्यूरल नेटवर्क

पायटॉर्चमध्ये आधीच प्रशिक्षित मोबाइलनेट-व्ही2 घ्या, शेवटचा थर बदलून दोन वर्गांचा करा. सुरुवातीला फक्त शेवटचा थर शिकवा, मग सगळं जाळं 0.0001 च्या आसपासच्या शिकण्याच्या गतीनं. अख्खी प्रतिमा दाबून 224 पिक्सेलमध्ये बसवण्याऐवजी मूळ आकारातून 224 चे तुकडे कापून दिले तर बारीक खुणा टिकतात. मग तुकड्यांच्या गुणांची सरासरी घ्या.

प्रशिक्षणात कृत्रिम बदल जपून करा. उजेड कमी-जास्त करणं, आडवं उलटवणं आणि जेपेगचा दर्जा 60 ते 95 मध्ये बदलत राहणं उपयोगी पडतं, शेवटचं तर हमखास, कारण प्रत्यक्षात फोटोची फाइल किती दाबून लहान केलेली येईल हे आपल्या हातात नसतं. जोरदार ब्लर मात्र टाळा.

दोन वर्गांच्या उत्तरापलीकडे नेटवर्कला आणखी एक काम द्यायची कल्पना 2018 च्या सुमारास पुढे आली आणि ती मला फार पटते. खऱ्या चेहऱ्याला खोली असते, नाक पुढे आणि कान मागे. कागद सपाट. म्हणून अस्सल चेहऱ्यासाठी खोलीचा अंदाजी नकाशा आणि बनावटासाठी सगळीकडे शून्य, असं उत्तर नेटवर्ककडून मागायचं. त्यानं पळवाट शोधण्याऐवजी कारण शिकावं, हा हेतू. अर्थात चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यासमोर ही युक्ती कमी पडते.

सातवी पायरी: मॉडेल काय पाहतंय?

एक चाचणी कधीही चुकवू नका. सगळ्या फोटोंतला चेहरा काळ्या चौकोनानं झाका आणि उरलेल्या पार्श्वभूमीवर तेच मॉडेल नव्यानं शिकवा. कागदाची कड किंवा हात दिसल्यामुळे थोडं यश मिळेल. पण ते चेहऱ्यासकटच्या निकालाजवळ पोहोचलं, तर तुमचा डेटा भिंतीच्या रंगावरून उत्तर सांगतो आहे. मग पुन्हा दुसरी पायरी. ग्रॅड-कॅमनं मॉडेलचं लक्ष कुठं आहे याचे नकाशेही काढा, विशेषतः चुकलेल्या फोटोंचे.

आठवी पायरी: चूक मोजणं

समजा दिवसाला 10,000 अस्सल माणसं येतात आणि 10 भामटे. सगळ्यांना डोळे मिटून ‘अस्सल’ म्हणणारं मॉडेल 99.9 टक्के अचूक ठरेल! म्हणून नुसती अचूकता सांगू नका. आयएसओ/आयईसी 30107-3 या मानकात दोन आकडे ठरवले आहेत. एपीसीईआर म्हणजे किती हल्ले अस्सल म्हणून निसटले, बीपीसीईआर म्हणजे किती अस्सल माणसं विनाकारण अडवली. एपीसीईआर प्रत्येक हल्ल्याच्या प्रकारासाठी वेगळा काढा आणि त्यांतला सर्वांत वाईट पुढे ठेवा. सरासरीत गळती लपते: छापील फोटो सगळे पकडले आणि टॅब्लेटवरचे निम्मे निसटले, तर भामटा टॅब्लेटच आणणार.

वरच्या उदाहरणात बीपीसीईआर 2 टक्के आणि एपीसीईआर 10 टक्के धरा. रोज 200 प्रामाणिक माणसं अडतील आणि 9 भामटे पकडले जातील. म्हणजे अडवलेल्या 100 जणांत खरे भामटे जेमतेम चार. हे गणित व्यवस्थापनाला आधी दाखवा, कारण त्या 200 जणांसाठी काउंटरवर माणूस लागणार आहे. थ्रेशोल्ड (किती गुणांपुढे ‘बनावट’ म्हणायचं ती सीमा) पडताळणीच्या भागावर ठरवा आणि परीक्षेच्या भागावर हात न लावता वापरा.

आणि छोट्या चाचणीवर भाळू नका. 300 हल्ल्यांत एकही निसटला नाही, तरी 95 टक्के खात्रीनं इतकंच म्हणता येतं की खरा दर 1 टक्क्याच्या आत असावा. सोपा नियम: शून्य चुका असतील तर 3 ला नमुन्यांच्या संख्येनं भागा.

हेच आकडे वयानुसार, त्वचेच्या रंगानुसार, फोनच्या किमतीनुसार वेगवेगळे काढा. एकाच गटातली माणसं वारंवार अडत असतील, तर ते मॉडेल वापरात आणू नये असं माझं ठाम मत आहे.

बोटांच्या ठशांसाठी काय बदलतं

पायऱ्या त्याच, खुणा वेगळ्या. जिवंत बोटावर घामाची छिद्रं असतात, ओलावा पसरतो, रेषांची जाडी सहज बदलते. साच्यातल्या बोटावर कडा जास्त रेखीव किंवा तुटक येतात, मध्येच हवेचे बुडबुडे दिसतात. 2018 च्या सुमारास मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गटानं वापरलेला मार्ग अनुकरणीय आहे: रेषा जिथे संपतात किंवा दुभंगतात त्या बिंदूंभोवतीचे 96 बाय 96 चे तुकडे घ्यायचे, प्रत्येकाचा निकाल मोबाइलनेटकडून घ्यायचा आणि शेवटी एकत्र करायचा. एका ठशातून असे अनेक तुकडे मिळतात, त्यामुळे कमी डेटावरही काम चालतं.

2009 पासून भरणाऱ्या लिव्हडेट स्पर्धांचे ठसे सरावाला मिळतात. जिलेटिन, लेटेक्स, लाकडाचा गोंद, इकोफ्लेक्स असं साहित्य त्यात आहे. विभागणी साहित्यानुसार करा, प्रत्येक वेळी एक साहित्य प्रशिक्षणातून पूर्ण वगळून त्याच्यावर परीक्षा घ्या. न पाहिलेल्या साहित्यासमोर मॉडेल ढेपाळतं, ही या क्षेत्रातली जुनी आणि अजून न सुटलेली अडचण आहे.

आपल्याकडे दुसरी अडचण तितकीच मोठी. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी, चुन्यातलं काम यांनी बोटं घासून गेलेली असतात. अशा खऱ्या बोटाचा फिकट, तुटका ठसा मॉडेलला बनावट वाटू शकतो. त्यांचे नमुने प्रशिक्षणात नसतील तर तुमचं मॉडेल रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या म्हातारीलाच चोर ठरवेल. आधी ठशाचा दर्जा मोजा. दर्जा कमी असेल तर ‘बनावट’ असा शेरा न मारता दुसरं बोट, डोळ्याची बुबुळं किंवा चेहरा असा पर्याय द्या. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी 2021 पासून चेहऱ्याची सोय झाली, ती याच गरजेतून.

संपादित छायाचित्रं

इथे सगळे जण एरर लेव्हल अ‍ॅनालिसिसपासून सुरू करतात. फोटो जेपेगच्या 90 दर्जानं पुन्हा साठवायचा, मूळ फोटोतून वजा करायचा, फरक उजळून पाहायचा. नंतर चिकटवलेला भाग वेगळा चमकतो, असं म्हणतात. 2007 मध्ये नील क्रॉवेट्झ यांनी ही पद्धत लोकांपुढे मांडली. शिकायला छान, पण पुरावा म्हणून कच्ची. बारीक नक्षी, ठळक अक्षरं आणि कडा अस्सल फोटोतही चमकतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून दोनदा फिरलेल्या फोटोत सगळंच सपाट होऊन जातं.

कासिया व्ही2 या नावाजलेल्या डेटासेटवर हा प्रयोग करून 95 टक्के मिळाले म्हणून आनंद मानू नका. त्यात अस्सल प्रतिमा जवळजवळ सगळ्या जेपेगमध्ये आहेत आणि बदललेल्यांतला मोठा भाग टिफमध्ये. मॉडेल फाइलचा इतिहास शिकतं. शिवाय बदललेली प्रतिमा ज्या अस्सल प्रतिमांपासून केली त्यांचे क्रमांक फाइलच्या नावातच आहेत. ते वापरून आई आणि लेकरू, म्हणजे मूळ आणि बदललेली प्रतिमा, एकाच भागात ठेवा, आणि प्रशिक्षणापूर्वी सगळ्या प्रतिमा एकाच प्रकारे पुन्हा साठवा. मग येणारा आकडा विश्वासाचा.

फोटोत एखादा भाग उचलून दुसरीकडे चिकटवला असेल, उदाहरणार्थ शिक्का किंवा सही, तर सिफ्ट खुणांची (चित्रातल्या ठळक बिंदूंच्या वर्णनांची) एकमेकींशी जुळवणी करूनही तो सापडतो, मॉडेल लागत नाही. दुसऱ्या फोटोतला तुकडा आणला असेल तर कॅमेऱ्याच्या गोंगाटाचा पोत तपासा. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा सूक्ष्म ठसा असतो, पण तो काढायला त्याच कॅमेऱ्याचे काही डझन फोटो हाताशी लागतात. ते नसतील तर 2023 मध्ये आलेलं ट्रूफॉर हे तयार मॉडेल वापरून पाहा, ते बदललेला भाग आणि स्वतःच्या खात्रीचा नकाशा असं दोन्ही देतं. ‘फोटो खोटा’ एवढ्या निकालापेक्षा ‘जन्मतारखेच्या ओळीजवळ पाहा’ हे तपासणाऱ्याला कितीतरी उपयोगी.

फोटो मिक्सिंग सगळ्यांत अवघड. बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये पारपत्राच्या संदर्भात हा धोका दाखवला. एकट्या फोटोकडे पाहून, त्यातही छापून स्कॅन केलेल्या, मिश्रण ओळखणं भरवशाचं नाही. अर्जावरचा फोटो आणि परीक्षा केंद्रावर काढलेला ताजा फोटो यांतला फरक तपासणं जास्त चालतं. आणि अर्जाच्या वेळीच थेट कॅमेऱ्यातून फोटो घेतला, तर मॉडेलवरचा निम्मा भार उतरतो.

प्रत्यक्ष वापरात आणताना

उत्तम मॉडेललाही वळसा घालता येतो: कॅमेऱ्यासमोर काही न धरता सॉफ्टवेअरनं तयार व्हिडिओच प्रवाहात घुसवायचा. त्यात कागद नाही, पडदा नाही, मॉडेलला दिसणार काय? यावर उपाय यंत्राच्या पातळीवर आहे. आधारच्या नोंदणीकृत एल1 (वरच्या सुरक्षा पातळीच्या) यंत्रांत ठसा यंत्राच्या सुरक्षित भागातच कूटबद्ध होतो, तो याचसाठी. मोबाइल अ‍ॅपमध्ये आभासी कॅमेरा आणि रूट केलेला (सुरक्षेची बंधनं काढून टाकलेला) फोन ओळखा, आणि फ्रेम सर्व्हरवर येण्यापूर्वी तिच्यावर डिजिटल सही घ्या.

डोकं वळवा, पापणी मिटवा अशा सूचना द्यायच्या तर त्यांचा क्रम दर वेळी बदला आणि सूचना मराठीत, मोठ्या आवाजातही द्या. वयस्कर माणसाला त्यासाठी दहा सेकंद कमी पडतात. नाकारल्यावर पडद्यावर ‘फसवणूक’ असा शब्द दाखवू नका. ‘उजेडाकडे तोंड करून पुन्हा प्रयत्न करा’ म्हणा आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर प्रकरण माणसाकडे द्या. त्या माणसाचा निर्णय, मॉडेलचा गुण, फोनचा प्रकार आणि उजेडाची पातळी यांची नोंद ठेवा, प्रतिमा मात्र ठरलेल्या मुदतीत पुसा. दर महिन्याला या नोंदी काढून पाहा की कुठल्या शाखेत, कुठल्या फोनवर नकार अचानक वाढले. नवा हल्ला आणि बिघडलेला कॅमेरा, दोन्ही पहिल्यांदा तिथेच दिसतात.